कोपरा मोकळा करायचा, पण कुणापासून?

(पुण्याच्या पश्चिम उपनगरातील स्त्रियांच्या परिसर मेळाव्यात एका रहिवासी कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

या मेळाव्यात बोलशील का, असे विचारायला फोन आला तेव्हा संयोजक मैत्रीण म्हणाली, "विषय काय लिहू?" मी म्हटले, "लिही, कोपऱ्यावरचे हॉटेल." ती हसली. म्हणाली, "अगं, मागच्या वेळी आपण रेशनवर बोललो, त्याआधी हिंसाचाराच्या कायद्यावर. आणि आता हॉटेल?" मी म्हटले, हो, हॉटेलच. गेले चार महिने आमच्या भागात दुसऱ्या कशावर कुणी बोललेले नाही, आणि या चार महिन्यांत मी जे शिकले ते मला तुमच्यापुढे ठेवायचे आहे. त्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगणार आहे.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. टेकडीच्या पायथ्याशी आमची सोसायटी, तीन मजली जुन्या इमारती. मी तिथे पस्तीस वर्षे राहते. सोसायटीच्या मागे नाला आणि नाल्यापलीकडे वस्ती. आमच्याकडे धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला येणाऱ्या बहुतेक बाया त्या वस्तीतल्या. पुढे मोठा रस्ता, बसथांबा, रस्त्यापलीकडे शाळा. सोसायटीचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तो आमचा कोपरा. तिथे एक जुना बंगला होता, तो पडला आणि प्लॉट दोन वर्षे पत्रे लावून बंद होता. त्या पत्र्यांच्या कडेने भाजीवाल्या ताई बसतात, इस्त्रीवाले नवराबायको आहेत, वडापावची गाडी आहे, आणि जरा आत एका गाळ्यात पोळीभाजी केंद्र आहे. संध्याकाळी सहा ते नऊ हा कोपरा बायकांचा असतो. कुणी कामावरून उतरते, कुणी कामाला जाते, कुणी दहा पोळ्या घेते, कुणी मुलाला क्लासहून घेऊन येते.

त्या प्लॉटवर एका मोठ्या साखळीचे खाद्यगृह येणार अशी बातमी आली. बर्गर, तळलेले चिकन, बटाट्याच्या सळ्या, थंड पेये. दोन मजले, काचेची दर्शनी बाजू, रात्री दोनपर्यंत चालू, आणि गाडीत बसूनच खाणे घेता येईल अशी खिडकी. त्या खिडकीसाठी गाड्या आमच्या रस्त्याने आत शिरणार आणि बसथांब्यापाशी बाहेर पडणार.

सोसायटीचे पत्र आणि माझी सही

आमच्या सोसायटीने लगेच विरोधाचे पत्र तयार केले. एका रविवारी सकाळी सेक्रेटरी दारात आले. "काकू, तुमची सही राहिली. तुम्ही चळवळीतल्या, तुमची तर पहिली हवी होती." मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू. पहिले पान वाचले. वाहतूक, आवाज, तळणाचा धूर, मुलांचे आरोग्य. सगळे पटले. गॅसवर दूध होते. मी सही केली.

तीन दिवसांनी वडापावच्या ताईंकडे गेले. या ताईंचा नवरा गेला त्याला बरीच वर्षे झाली. मुलगा शिकतो आणि संध्याकाळी गाडीवर उभा राहतो. त्यांनी पाव कापता कापता, माझ्याकडे न बघता विचारले, "काकू, त्या कागदावर तुमची सही आहे म्हणं? पोरगा वाचून आला."

मी म्हटले, "आहे की. हॉटेल नको म्हणून."

"हॉटेल नको, आणि आम्ही पण नको. दुसऱ्या पानावर लिहिलंय तसं."

मी घरी आले आणि पत्राची प्रत मागवून दुसरे पान वाचले. त्यात तीन मुद्दे होते. एक, मांसाहारी पदार्थांच्या वासाने परिसराचे वातावरण बिघडेल. दोन, बाहेरची मुलेमुली रात्री उशिरापर्यंत एकत्र बसतील, त्याने आपल्या मुलींना वाईट वळण लागेल. आणि तीन, याच संधीचा लाभ घेऊन कोपऱ्यावरील सर्व हातगाड्या व फेरीवाले कायमचे हटवावेत आणि कोपरा मोकळा करावा.

मैत्रिणींनो, आयुष्यभर मी बायकांना सांगत आले की कागद वाचल्याशिवाय सही करू नका, अंगठा उठवू नका. आणि मी स्वतः दुधाकडे लक्ष ठेवून सही केली होती.

मग आम्ही चौघीजणी त्या प्लॉटवर आलेल्या माणसांना भेटलो. कंपनीच्या वतीने जागेचे काम बघणारा एक तरुण होता, अदबीने बोलला. आम्हाला नकाशा दाखवला. त्यात आमचा कोपरा होता, झाडे काढली होती, बाक होते, एक बाई आणि लहान मूल चालत होते. भाजीवाल्या ताई नव्हत्या. इस्त्रीचे टेबल नव्हते. विचारले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, गाड्या वळायला कोपरा क्लिअर लागेल."

म्हणजे बघा. सोसायटी हॉटेलच्या विरोधात आणि कंपनी हॉटेलच्या बाजूने. दोघांचे एकाही गोष्टीवर जमत नव्हते. पण एका गोष्टीवर दोघांचे पूर्ण एकमत होते, की कोपरा मोकळा झाला पाहिजे. कुणापासून? तर तिथे पोट भरणाऱ्या बायांपासून. सोसायटी जिंकली तरी ताई जाणार होत्या, कंपनी जिंकली तरी ताई जाणार होत्या. मी दुसऱ्या दिवशी लेखी पत्र देऊन माझी सही मागे घेतली. सेक्रेटरी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

वस्तीतली बैठक

सही मागे घेतली, पण मग आपले म्हणणे काय? ते मला एकटीने ठरवायचे नव्हते. आम्ही वस्तीतल्या समाजमंदिरात बैठक घेतली. सोसायटीतल्या आठ-दहा आणि वस्तीतल्या तीसेक बाया आल्या. माझ्या मनात आपली जुनी भाषा तयार होती: बहुराष्ट्रीय कंपन्या, जागतिकीकरण, स्थानिक अन्नावर आक्रमण. आपल्यातल्या अनेकींना आठवत असेल, १९९५ साली बंगळूरला केंटकी फ्राइड चिकनचे दुकान निघाले आणि १९९६ च्या जानेवारीत कर्नाटक राज्य रयत संघाच्या शेतकऱ्यांनी त्यावर चाल करून मोडतोड केली. त्याच वर्षी दिल्ली आणि मुंबईत मॅकडोनाल्ड्स आले. तेव्हा आपणही घोषणा दिल्या होत्या. त्या घोषणांतले सगळेच चूक होते असे मी म्हणत नाही. पण बैठकीत बायांनी जे सांगितले ते त्या घोषणांत मावत नव्हते.

स्वयंपाकाची कामे करून रात्री साडेनऊला परतणारी एकजण म्हणाली, "तिथं दिवे असतील ना? त्या पत्र्यांजवळून येताना मी मोबाइल कानाला लावून खोटंखोटं बोलत येते. दिवे असतील तर मला हॉटेल चालेल."

बारावी झालेली एक मुलगी म्हणाली, "तिथे नोकरी मिळेल. युनिफॉर्म असतो, पगार बँकेत येतो. आईसारखं चार घरी भांडी नाही घासायची मला." तिची आई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही.

आणखी एक मुलगी, कॉलेजात जाणारी, आमच्या सोसायटीतलीच. ती म्हणाली, "मावशी, आम्हाला बसायला जागा कुठे आहे ते सांगा. मंडळाच्या कट्ट्यावर मुलं. बागेत आजोबा लोक, दहा मिनिटांत विचारतात कुणाची गं तू. चहाच्या टपरीवर उभं राहिलं की घरी निरोप जातो. अशा हॉटेलात एक कोल्ड्रिंक घेऊन दोन तास बसलं तरी कुणी काही बोलत नाही."

या मुलीच्या बोलण्याने मी गप्प झाले. मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी सार्वजनिक जागांमधल्या स्त्रियांवर संशोधन करून २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की बाई रस्त्यावर दिसते ती कामासाठी. हातात पिशवी, कडेवर मूल, कानाला फोन. काही कारण नसताना नुसते उभे राहण्याचा, रेंगाळण्याचा हक्क मात्र तिला नाही, आणि आपण तो मागितला पाहिजे. आमच्या सोसायटीच्या पत्रात 'मुलींना वाईट वळण' असे लिहिले होते ते नेमके याच हक्काच्या विरोधात. त्या मुद्द्यावर मी सोसायटीबरोबर एक पाऊलही चालणार नाही. तसेच मांसाहाराच्या वासाचे. कुणाच्या घरात काय शिजते यावरून माणसाची लायकी ठरवायची आणि भाड्याने घर नाकारायचे, हे या शहरात आपण पुष्कळ पाहिले आहे. त्या वासामागे जात असते. विरोधाच्या पत्रात ती भाषा असेल तर ते पत्र आपले नाही.

पण त्या मुलीला मी हेही विचारले, "कोल्ड्रिंकचे पैसे नसतील तेव्हा?" ती म्हणाली, "तेव्हा नाही जायचं." वस्तीतल्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. म्हणजे ही जागा मोकळी आहे, पण तिला तिकीट आहे. ज्या मुलीच्या हातात पैसे आहेत तिला दोन तास उजेड, पंखा आणि संडास विकत मिळणार. जिच्या हातात नाहीत तिला काचेतून दिसणार. नगरपालिकांनी, महापालिकांनी जे सगळ्यांना फुकट द्यायला हवे ते दिले नाही, म्हणून आपल्याला ते हॉटेलात जाऊन विकत घ्यावे लागते. दिवे, बसायचा बाक, स्वच्छ संडास. या तीन गोष्टी मिळणार म्हणून जर बायांना हॉटेल हवे असेल, तर बायांची मागणी हॉटेल नसून दिवे, बाक आणि संडास ही आहे. ती आपण हॉटेलवाल्याकडे कशाला मागायची?

चुलीपासून सुटका कुणाची?

बैठकीत आणखी एक मुद्दा निघाला, आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. एक सूनबाई म्हणाल्या, "असं हॉटेल जवळ आलं तर निदान रविवारी तरी माझी चूल बंद राहील."

आपण हे हसण्यावारी नेऊ नये. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, आणि जे पुरुष असे काम करतात त्यांचा ८८ मिनिटे. शिवाय असे काम करणारे पुरुष मुळातच थोडे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईचे काम दहा मिनिटांनी कमी झाले आणि पुरुषाचे नऊ मिनिटांनी! घरोघरी आयते खाणे पोहोचवणाऱ्या एवढ्या मोटारसायकली रस्त्यावर धावू लागल्या त्या याच काळात. तरी हिशोब हा असा.

का, ते आपल्याला घरात दिसते. रविवारी बाहेरून मागवतात. कुणाला काय हवे ते ती विचारते, ताटे ती काढते, सासऱ्यांना ते चालत नाही म्हणून त्यांच्यापुरती खिचडी ती लावते, आणि नंतर ते खोके, पिशव्या, सॉसच्या पुड्या ती आवरते. रविवार एक, सोमवार ते शनिवार सहा. चुलीची वाटणी झाल्याशिवाय बर्गरने सुटका होत नाही.

आणि झटपट आयते खाणे हे काही आपल्याकडे अमेरिकेतून आलेले नाही. मुंबईच्या गिरणगावात खाणावळवाल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या गिरणी कामगारांना जेवू घातले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्या बायांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली. वडापाव दादरला साठच्या दशकात सुरू झाला. आपल्या पुण्यात नोकरी करणाऱ्या बायकांना खरा हात कुणी दिला असेल तर तो कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रांनी. एका बाईचा स्वयंपाक दुसऱ्या बाईने केला आणि त्याचे पैसे घेतले. घरात फुकट होते तेच काम इथे मोल देऊन झाले.

मी त्या केंद्रांचेही उगाच गोडवे गाणार नाही. आमच्या केंद्रातल्या पोळ्या लाटणाऱ्या मावशींना नगावर पैसे मिळतात. गाळ्याला खिडकी नाही, उन्हाळ्यात तव्यापुढे उभे राहवत नाही, आजारी पडल्या तर त्या दिवसाची कमाई बुडाली. लहान म्हणजे चांगले आणि मोठे म्हणजे वाईट असे सरळ गणित नाही. पण ते केंद्र कोपऱ्यावरून गेले तर त्या मावशींना काचेच्या हॉटेलात कुणी घेणार नाही. त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे.

नोकरीचा प्रश्न

त्या बारावीच्या मुलीचे काय? तिला मी 'जाऊ नकोस' म्हणणार नाही. भांडी घासण्यापेक्षा तिला ते बरे वाटते, आणि तिला तसे वाटण्याचा अधिकार आहे. पण जाताना कायदा हातात घेऊन जा, एवढे सांगेन.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. संमती दिली तरी तिच्या सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची आहे. हॉटेल रात्री दोनला बंद होणार. मग खुर्च्या उलट्या ठेवून, फरशी पुसून मुलगी निघणार अडीचला. तिची वस्ती नाल्यापलीकडे, चालत सात मिनिटांवर. इतक्या जवळ गाडी कशाला, असे मालक म्हणेल. त्याच सात मिनिटांसाठी तो कायदा आहे. कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तिची अध्यक्ष स्त्रीच असली पाहिजे. मुलाखतीच्या दिवशी विचारा, समितीत कोण आहे? नावे भिंतीवर कुठे लावली आहेत?

आणि एक साधी गोष्ट, बसणे. दुकानात, हॉटेलात काम करणाऱ्या मुली आठ-नऊ तास उभ्या असतात. केरळात कापड दुकानांतल्या बायांनी यासाठी लढा दिला आणि २०१८ साली तिथल्या कायद्यात कामावर बसण्याचा हक्क आला. २०२१ साली तमिळनाडूने तसा बदल केला. आपल्याकडच्या मुलींनीही स्टूल मागायला शिकले पाहिजे.

हॉटेलाबाहेर आणखी काही कामगार उभे असणार. खाणे पोहोचवणारी मुले. आजही ती आमच्या कोपऱ्यावर झाडाखाली थांबतात. सोसायटीच्या बायका त्यांना घाबरतात, आणि तीच मुले दारात आली की हसून डबा घेतात. त्यांना सावली नाही, पाणी नाही, संडास नाही. ही मुले आपल्याच वस्तीतल्या बायांची आहेत. त्यांना गुंड म्हणून हाकलणे हे आपले काम नव्हे.

आणि जे सगळ्यांच्या शेवटी येते ते कचरावेचक बायांच्या वाट्याला. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती या बायांच्या श्रमाला श्रम म्हणावे म्हणून. आमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना मी विचारले. त्या म्हणाल्या, "तेलकट खोका कुणी घेत नाही. सॉस लागलेला कागद विकला जात नाही. ओझं तेवढंच, पैसा नाही." नकाशावर हॉटेल बघताना ही गोष्ट आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आली नव्हती.

मग आम्ही काय केले?

दारूच्या दुकानाबाबत बायांच्या हातात एक हत्यार आहे. उभी बाटली की आडवी बाटली, असे मतदान घ्यायचे आणि निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. गावोगावच्या बायांनी लढून ते मिळवले. खाद्यगृहासाठी तसे मतदान नाही, आणि असावे असेही मी म्हणत नाही. उद्या त्याच मतदानाने अंडाभुर्जीची गाडी आडवी करतील! इथे आपल्याला अर्ज, नियम आणि संख्या यांच्या जोरावरच लढायचे आहे.

म्हणून आम्ही तिसरे पत्र लिहिले. सोसायटीचे नव्हे, कंपनीचे नव्हे. ते पूर्ण मोठ्याने वाचले, दोन्ही पाने, आणि मगच सह्या घेतल्या. दोनशे अकरा सह्या आणि अंगठे आहेत. संबंधित कार्यालयात दिले, प्रतीवर शिक्का घेतला. बांधकामाच्या नकाशाची प्रत मिळावी म्हणून २००५ च्या माहिती अधिकाराखाली अर्जही टाकला. पत्रातल्या मागण्या अशा:

१. आमच्या रस्त्यावरून गाड्यांची खिडकी नको. बसथांबा आहे तिथेच राहील.

२. कोपऱ्यावरच्या एकाही विक्रेत्या बाईला हलवायचे नाही. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन विक्रीचे प्रमाणपत्र दिले जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही, आणि नंतर जागा बदलायची झाली तरी ३० दिवसांची नोटीस लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. आमच्या भागातून कोण आहे ते जाहीर करावे.

३. रात्री दहानंतर भोंगे, गाणी, गाड्यांचे आवाज नकोत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

४. धुराड्याचे तोंड घरांच्या खिडक्यांकडे नको, आणि तेलाचे पाणी नाल्यात नको. नाल्याकाठी वस्ती आहे.

५. रात्री काम करणाऱ्या मुलींना घरी पोहोचवण्याची व्यवस्था आणि छळविरोधी समिती या गोष्टी हॉटेल सुरू होण्याआधी लेखी दाखवाव्यात.

६. कचऱ्याचा खर्च हॉटेलने द्यावा आणि ते काम कचरावेचक बायांना योग्य मोबदल्याने मिळावे.

७. कोपऱ्यावर दिवे, चार बाक आणि बायकांसाठी पाणी असलेला संडास महापालिकेने बांधावा. हॉटेल येवो अथवा न येवो.

या अटी मान्य नसतील तर आमचा विरोध आहे. पण तो आमच्या कारणांसाठी आहे, सोसायटीच्या दुसऱ्या पानावरच्या कारणांसाठी नाही.

आठवी मागणी आम्ही लिहिली नाही, आणि त्यावर आमचे अजून भांडण चालू आहे, तेही सांगते. शाळेतल्या मुलांच्या आहाराबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम आहेत. शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ मुलांना विकू नयेत, असे त्यात आहे. आम्ही टेप घेऊन मोजले. प्लॉटचे फाटक शाळेच्या दारापासून ३८ मीटरवर येते. सगळ्या खूश झाल्या. मग वडापावच्या ताईंनीच विचारले, "आणि माझी गाडी?" गाडी मोजली. ४१ मीटर.

ज्या नियमाने हॉटेल अडेल त्याच नियमाने ताईही अडणार. आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, मुलांच्या तब्येतीचा प्रश्न आहे, नियम सगळ्यांना सारखा. एक म्हणाली, करोडोंच्या कंपनीला आणि ताईंना सारखाच नियम हा कुठला न्याय? ताईंचा मुलगा म्हणाला, गाडी बसथांब्याच्या पलीकडे दहा-बारा मीटर सरकवू, पण तिथे जागा देतो असे कुणीतरी लिहून द्या. मला त्या मुलाचे पटते. तो नियम नाकारत नाही, सरकायची जागा मागतो आहे. नियम लागू करा, पण आधी ताईंची नवी जागा नकाशावर दाखवा. पुढच्या बैठकीत हे ठरेल.

मैत्रिणींनो, १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो बाया लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर आल्या. तेल, धान्य, रॉकेल हा घरातला प्रश्न नसून राज्यकारभाराचा प्रश्न आहे, हे त्यांनी सरकारला ऐकवले. आज तेल कढईतून हॉटेलात गेले आहे. पण काय शिजणार, कोण शिजवणार, कुठे बसून खाणार आणि त्यासाठी कुणाला उठवणार, हे प्रश्न तेच आहेत.

तुमच्याही भागात असा एखादा कोपरा असेल. तिथे हॉटेल येईल, मॉल येईल, नाहीतर नुसतेच सुशोभीकरण येईल. विरोधाचा कागद दारात येईल आणि पहिल्या पानावरचे सगळे तुम्हाला पटेल. तेव्हा गॅस बंद करा, चष्मा लावा आणि दुसरे पान वाचा. मग तो कागद घेऊन कोपऱ्यावर जा आणि तिथे बसणाऱ्या बाईला वाचून दाखवा.

काल निघताना ताईंना सांगितले, मेळाव्यात तुमच्याबद्दल बोलणार आहे. त्या म्हणाल्या, "बोला की. पण आमचं नाव पत्रात कितव्या पानावर आहे तेही सांगा." सांगते. तिसऱ्या पत्रात त्यांची सही पहिल्या पानावर आहे, माझ्या वर.